बाईंची बॅटरी का उतरायची

आमच्या मोठ्या बाई गाडी घेऊन रस्त्यावर आल्या की लोक बाजूला होत नसत. तशी गरजच पडत नसे. सायकलवाले त्यांना मागे टाकून जात. एकदा नव्या पेठेत केळ्यांची हातगाडी ढकलणारा एक म्हातारा आमच्या पुढे निघून गेला, हे मी स्वतः पाहिलं आहे, कारण बाईंच्या शेजारच्या सीटवर मीच बसले होते. हॉर्न त्या कधी वाजवत नसत. मागून ओरडणं असभ्यपणाचं आहे, असं त्यांचं मत होतं. कोणी अगदीच मधे आलं तर काचेतून डोकं बाहेर काढून म्हणायच्या, "जरा सरकता का? आम्हांला शाळेत जायचंय."

सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या आणि मी तिथं नुकतीच लागलेली शिक्षिका. एकोणीसशे सत्तर उलटून गेलं होतं, पण एस.एस.सी. अजून अकरावीलाच होती. माझं बिऱ्हाड बाईंच्या घरापासून एक गल्ली सोडून होतं, म्हणून त्या मला रोज गाडीतून नेत. नको म्हणायची सोय नव्हती. पायी गेले असते तर मी लवकर पोचले असते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

बाई उंच, सावळ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. लग्न केलेलं नव्हतं. माळशिरसकडच्या शेतकरी घरातून शिकायला म्हणून सोलापुरात आल्या आणि इथंच राहिल्या. भूमिती शिकवायच्या. उशिरा आलेल्या मुलीला फाटकापाशी थांबवून एकच वाक्य बोलायच्या, "सबब नको. कारण सांग." सबब आणि कारण यांतला फरक त्या काळात सोलापुरात आमच्या शाळेतल्या मुलींइतका कोणालाच ठाऊक नसेल. एकदा नववीतली एक मुलगी मान खाली घालून म्हणाली, "बाई, आज यावंसंच वाटत नव्हतं." आम्हां शिक्षिकांना वाटलं, आता हिचं काही खरं नाही. बाई म्हणाल्या, "जा वर्गात. हे कारण आहे." तिच्या मागे उभ्या असलेल्या दोघी बस चुकली म्हणाल्या, त्यांना मात्र बाईंनी पाऊण तास फाटकाबाहेर ठेवलं. बस का चुकली ते त्यांना सांगता आलं नव्हतं.

गाडी त्यांनी सोलापूर सोडून चाललेल्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. जुनी विलायती गाडी, करड्या रंगाची. एकट्या बाईला गाडी कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. "चालवायला," एवढंच त्या सांगत. आणि खरोखरच शिकल्या. होम मैदानावर महिनाभर त्या गाडी गोल गोल फिरवत होत्या आणि बघायला माणसं जमत. ज्यांनी शिकवलं ते डॉक्टरांचे ड्रायव्हर मालकाबरोबर निघून गेले आणि पुढचं सगळं बाईंनी स्वतःच्या तर्कानं बसवलं.

इंजिनाला ओरडायला लावायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. गाडी जेमतेम हलली की त्या सगळ्यात वरचा गिअर टाकायच्या आणि तसंच रांगत जायचं. दुसरा नियम लाल दिव्याचा. समोरच्या फळीवर एक लहानसा लाल दिवा होता. त्याच्याखाली काहीतरी लिहिलेलं होतं, ते इतक्या वर्षांत पुसून गेलं होतं. किल्ली फिरवली की तो लागायचा. "हा लागला म्हणजे गाडी जागी झाली," बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "हा लागलेला आहे तोवर काळजी नाही." उताराला वगैरे वेग जरा वाढला की तो दिवा विझायचा, आणि बाई ताबडतोब पाय उचलायच्या. दिवा पुन्हा लागला की "हं" म्हणून पुढे जायच्या. मलाही सवय झाली. दिवा विझला की मी आधी बाईंच्या पायाकडे बघायचे.

तर या गाडीची बॅटरी उतरायची. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा नक्की. सकाळी बटण दाबलं की इंजिन एकदा कण्हायचं आणि गप्प व्हायचं. मग आमच्या शाळेचे शिपाई मामा पुढून लोखंडी हँडल घालून ते फिरवायचे. मामा मूळचे करमाळ्याकडचे, बारीक अंगाचे, पण मनगटात जोर होता. सकाळी बाईंची गाडी पुसायला ते आपण होऊन यायचे, त्याचा कोणी त्यांना हुकूम केलेला नव्हता. संध्याकाळी शाळेतून निघताना गाडी अडली तर अकरावीच्या मुली ढकलायला धावायच्या. त्या त्यात पटाईत झाल्या होत्या. "बाई, दुसरा गिअर टाका! आता क्लच सोडा! सोडा म्हणतो ना!" असं ओरडायच्या, आणि बाई निमूट ऐकायच्या. बाईंना हुकूम सोडायची शाळेत तेवढी एकच वेळ होती, म्हणून मुलींना बॅटरी उतरलेली आवडायची.

बाईंना मात्र ते सहन होत नव्हतं. ढकलावं लागतं याचं त्यांना काही नव्हतं. कारण सापडत नव्हतं, याचं होतं.

पहिल्यांदा त्यांनी नवी बॅटरी घेतली. पंधरवड्यात ती उतरली. बॅटरीवाल्याला बोलावलं, त्यानं काचेची नळी घालून आतलं ॲसिड तपासलं, बॅटरी दुकानात नेऊन चार्ज करून आणली आणि सांगितलं, माल पक्का आहे. बाईंनी तसली नळी स्वतःच विकत घेतली. त्या दिवसापासून सकाळी पूजेच्या आधी बॅटरी. टोकांवर जमलेली पांढरी बुरशी त्या सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायच्या, वर व्हॅसलीन लावायच्या, तारा ओढून बघायच्या. ॲसिडचे थेंब उडून साडीला भोकं पडायची. बाईंच्या सगळ्या साड्या इथल्याच मागावरच्या, आणि थोड्याच दिवसांत त्या सगळ्यांना निऱ्यांपाशी चाळणी झाली. रफू करून त्याच नेसायच्या. आमच्या शिवणाच्या बाई हळहळल्या तर म्हणाल्या, "अहो, साडी कशानं फाटली ते तरी मला माहीत आहे."

मग त्यांनी गाडी विजापूर वेशीजवळच्या गॅरेजात नेली. तिथले उस्ताद म्हणजे दाढीला मेंदी लावणारे, शांत बोलणारे गृहस्थ. त्यांनी गाडी पाच-सहा दिवस ठेवून घेतली, स्वतः गावभर फिरवली आणि आम्ही गेल्यावर पहिल्या बटणाला सुरू करून दाखवली.

"देखो बाई, डायनामो अच्छा है, वायरिंग अच्छी है. कुछ बी नै हुआ गाडीकू."

"मग बॅटरी का उतरते?"

"पुरानी गाडी है. कायकू परेशान होते? बेच डालो."

"ती सबब झाली, उस्ताद," बाई म्हणाल्या. "मला कारण पाहिजे."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

गाडी घरी आली आणि चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा कण्हली. मी बाईंच्या दारात उभी होते. बाई बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथं होती तेव्हा बरी होती. माझ्याकडे आली की उतरते. म्हणजे फरक माझ्याकडे आहे." इथवर त्यांचं बरोबर होतं. पण पुढचं पाऊल त्यांनी चुकीचं टाकलं. गाडीला त्यांच्याशिवाय रोज हात लावणारं माणूस एकच होतं.

त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात मुलींची ही गर्दी असताना त्यांनी मामांना थांबवलं. "मामा, सकाळी गाडी पुसताना तुमच्या हातून दिव्याचं बटण दाबलं जातं. दिवा जळत राहतो आणि बॅटरी उतरते."

मामा म्हणाले, "न्हाय बाई. मी बटनाला हातबी लावत न्हाय. भाईरूनच पुसतो की."

"तुमच्या लक्षात येत नसेल."

"माझ्या ध्येनात हाय, बाई."

"मग बॅटरी कोण उतरवतं? मी?"

मुली हसल्या. बाईंनी ते हसण्यासाठी म्हटलेलं नव्हतं, पण मुली हसल्या. मामांनी हातातली पाण्याची कळशी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते गाडी पुसायला आले नाहीत. हँडल मारायला मात्र येत. बाईंनी निरोप धाडला की यायचे, हँडल फिरवायचे, इंजिन लागलं की बाईंच्या ओट्यावर न टेकता, एक शब्द न बोलता परत जायचे.

तरी बॅटरी उतरायची ती उतरलीच. मग बाईंनी नवी युक्ती काढली. संध्याकाळी गाडी उभी केली की पाना घेऊन बॅटरीची एक तार सोडवून ठेवायची आणि सकाळी पुन्हा लावायची. तार सुटलेली असताना बॅटरीतून काही गळणं शक्यच नव्हतं. आठवडाभर हा नेम चालला आणि आठवड्याच्या शेवटी गाडी पुन्हा गप्प.

"मामा तर आता गाडी पुसायलाही येत नाहीत. म्हणजे त्यांचा काही दोष नाही," मी म्हणाले.

"कारण अजून सापडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "ते सापडल्याशिवाय कोण सुटलं आणि कोण अडकलं ते कसं सांगणार?"

"पण बाई, तार तर..."

"अर्धी सिद्धता म्हणजे सिद्धता नव्हे."

मला ते आवडलं नाही. मी तीन दिवस पायी शाळेत गेले. बाईंच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे; चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या दारासमोर गाडी उभी करून, काचेतून डोकं काढून, "येता का?" म्हटलं. नेहमी मला अगंतुगं करणाऱ्या बाईंनी 'येता का' म्हटलं, तेव्हा मी मुकाट्यानं आत बसले.

संस्थेचे एक वयस्क सदस्य होते, ते दर सभेत विचारायचे, "काय बाई, गाडी विकताय की अजून मुलींकडून व्यायाम करून घेताय?" बाई शांतपणे उत्तर द्यायच्या, "कारण सापडलं की विकेन." शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर त्यांनी खडूनं बॅटरी, ती भरणारा डायनामो आणि तारा काढून ठेवल्या होत्या, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: भरणारं यंत्र ठीक आहे. रात्री गळती नाही. तरी रिकामी होते. हा फळा पुसायची कोणाची छाती नव्हती. डबा खाताना आम्ही भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर रोज ती तीन वाक्यं बघायचो. बाईही बघायच्या. कधी कधी घास हातात तसाच राहायचा.

मार्च महिन्यात एस.एस.सी.ची परीक्षा सुरू झाली. केंद्र दुसऱ्या एका शाळेत होतं. मधे पाडवा आला, त्याला जोडून रविवार, म्हणून मुलींना सुट्टी मिळाली. अकरावीतली एक मुलगी मैंदर्गीची होती. सोलापुरात आजोळी राहून शिकायची. घरात कानडी, शाळेत मराठी. अभ्यासात बरी, पण गणिताला घाबरायची. पाडव्याला, म्हणजे त्यांच्या युगादीला, ती गावी गेली. गणिताच्या पेपरच्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं परत येणार होती.

त्या दिवशी सकाळी बाई आणि मी लवकरच शाळेत होतो. आठ वाजून गेल्यावर फोन वाजला. मैंदर्गीच्या पोस्टातून त्या मुलीचे वडील बोलत होते. बाजारात त्यांचं धान्याचं लहानसं दुकान होतं. फोनची सवय नसल्यामुळे ते इतक्या मोठ्यानं बोलत होते की मला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, पैली गाडी आलीच न्हाई बगा! कुटं बंद पडली म्हनं. आता दुसरी नऊ वाजता, ती बी अक्कलकोटपर्यंतच! काय करू मी?"

"पेपर अकराला आहे," बाई म्हणाल्या. "सायकल आहे का तुमच्याकडे?"

"हाय की."

"मुलीला मागं बसवा आणि अक्कलकोटच्या रस्त्यानं निघा. थांबू नका. मी समोरून येते."

फोन ठेवून त्या उठल्या. मी म्हणाले, "बाई, गाडी..." त्या दिवशी सकाळीच गाडी हँडल मारून आणलेली होती. बॅटरीत काही नव्हतं.

"मामा!" बाईंनी हाक मारली.

मामा आले. काय झालंय ते त्यांनी दारातून ऐकलं असावं. काही न विचारता हँडल घेऊन ते पुढे गेले. त्या दिवशी इंजिन लागता लागेना. मामांचा सदरा पाठीला चिकटला. मी म्हणाले, टॅक्सी बघू या का. पण स्टेशनपर्यंत जाऊन टॅक्सी आणेपर्यंत वेळ गेला असता. शेवटी इंजिन धडधडलं. मामांनी हँडल गाडीच्या डिकीत ठेवलं आणि पहिल्यांदाच, कितीतरी दिवसांनी, बाईंशी बोलले. "वाटंत बंद करू नगा, बाई. चालूच ठेवा."

मी बाईंच्या शेजारी बसले. गाव सोडून अक्कलकोट रस्त्याला लागलो. बाई नेहमीसारख्याच चालल्या होत्या, लाल दिवा लागलेला, इंजिन गुणगुणतंय. कुंभारी आली तेव्हा मी घड्याळ पाहिलं आणि मनगट बाईंपुढे धरलं.

"बाई, असं गेलो तर..."

"हो. मी तेच मांडतेय." त्या समोर बघत म्हणाल्या. वेग, अंतर, वेळ, असलं गणित त्यांनी आयुष्यभर फळ्यावर सोडवलं होतं. "या वेगानं गेलं तर आपण तिला पेपर सुटताना पोचवू."

आणि त्यांनी पाय दाबला.

इंजिन ओरडलं. झाडं भराभर मागे जायला लागली. लाल दिवा मिणमिणला आणि विझला.

"बाई, दिवा गेला!"

"दिसतंय मला."

"बंद पडेल ना!"

"पडेल तेव्हा बघू." त्यांनी चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. "जिथवर जाते तिथवर नेते. तिथून पुढं चालत."

त्यांना मनापासून वाटत होतं की गाडी आता केव्हाही बंद पडेल. मलाही तेच वाटत होतं. प्रत्येक खड्ड्याला मी समोरची फळी धरायची. त्या वेगानं बाईंनी कधी गाडी चालवली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते नीट जमतही नव्हतं. वळणावर आम्ही दोघी एका बाजूला कलंडायचो. एका बैलगाडीला त्यांनी चक्क हॉर्न दिला. दिल्यावर स्वतःच दचकल्या. पण पाय त्यांनी उचलला नाही. वळसंग गेलं, अक्कलकोट गेलं, आणि त्याच्यापुढं उघड्या माळावर समोरून एक सायकल येताना दिसली. कॅरियरवर बसलेली मुलगी दप्तर पोटाशी धरून होती. बाप उन्हानं लालबुंद.

बाईंनी इंजिन बंद न करता गाडी वळवली. बापानं मुलीला खाली उतरवलं. "लगून बा, लगून बा," म्हणत, लवकर चल म्हणत, त्यानं तिला आत बसवलं आणि काचेतून बाईंना हात जोडले. "बाई, लई उपकार..."

"पेपर झाल्यावर," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

मुलगी मागच्या सीटवर पुटपुटत सूत्रं पाठ म्हणत होती. मधेच तिला हुंदका यायचा, मग पुन्हा सूत्र. बाई आरशातूनही मागे बघत नव्हत्या. लाल दिवा अजून विझलेलाच होता. इतका वेळ विझलेला दिवा आम्ही कधीच पाहिला नव्हता.

वळसंगच्या जवळ मेंढरं आडवी आली. सगळा रस्ता भरून मेंढरं, पुढे एक धनगर आणि मागे दोन कुत्री. बाईंनी ब्रेक दाबला, गडबडीत क्लच दाबायचा राहिला, आणि गाडीनं एक हिसका दिला. इंजिन बंद पडलं.

फक्त मेंढरांचा आवाज. मागे मुलीचं सूत्र मधेच तुटलं. लाल दिवा पुन्हा लागला होता, पण आता त्याचा काय उपयोग? मी दार उघडून एक पाय खाली टाकला. डिकीतून हँडल काढायचं, आणि ते मारणार कोण, तर मीच.

बाईंनी बटण दाबलं. मामांच्या हातात हँडल असतानाही त्या आधी एकदा बटण दाबून बघत, तसंच हेही, उगीच.

इंजिन ताबडतोब सुरू झालं.

मी एक पाय रस्त्यावर ठेवून तशीच उभी राहिले. बाईंचं बोट बटणापाशीच राहिलं होतं. त्या दिव्याकडे बघत होत्या.

"आत बस," त्या हळूच म्हणाल्या.

मेंढरं सरली. बाईंनी गाडी हलवली, पाय दाबला. दिवा विझला. त्यांनी पाय उचलला. दिवा लागला. पुन्हा दाबला, विझला. पुन्हा उचलला.

"बाई, पेपर!" मी ओरडले.

"एकदाच." आणखी एकदा त्यांनी दाबून बघितलं. मग पाय दाबला तो दाबलेलाच ठेवला. कुंभारी मागे पडली. नंतर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मी उलटं धरलं होतं. इंजिन जोरात फिरलं की बॅटरी भरते, तेव्हा दिवा विझतो. दिवा लागलेला आहे म्हणजे गाडी बॅटरीतलं खातेय. उस्ताद जोरात चालवायचे, त्यांची भरायची. मी मात्र दिवा विझला की पाय उचलायची. भरायला लागली की थांबवायची. रोज."

मी त्या विझलेल्या दिव्याकडे बघत राहिले.

"दिवा लागलेला चांगला, हे मला कोणी सांगितलं होतं?" त्या म्हणाल्या. "कोणीच नाही. माझं मीच ठरवलं. आणि तेवढं सोडून बाकी सगळं तपासत बसले."

केंद्रावर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. साडेअकरापर्यंत आत घेत असत. मुलगी धावत सुटली. तिची एक चप्पल पायरीवरच राहिली. बाई ती चप्पल उचलून दरवाजापाशी उभ्या असलेल्या पर्यवेक्षकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "उशीर तिच्यामुळे झालेला नाही. कारण हवं असेल तर मी बसून सांगते." त्यांना कारण नको होतं. त्यांनी चप्पल घेतली.

ती मुलगी पास झाली. गणितात फार काही गुण पडले नाहीत, पण सुटली. निकालानंतर तिचे वडील पुरणाचे होळगे घेऊन आले, आणि बाईंनी ते सगळ्या स्टाफला वाटले. गाडी बाईंनी विकली नाही. त्या आता वेगानं चालवायला लागल्या, अगदी शाळेपर्यंतच्या थोड्याशा रस्त्यावरही, आणि रविवारी सकाळी बॅटरीसाठी म्हणून तुळजापूरच्या रस्त्यानं दूरवर जाऊन यायच्या. लोक आता बाजूला व्हायला लागले.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी मुलीला आत सोडल्यावर बाई घरी गेल्या नाहीत. जेवल्याही नाहीत. उन्हात सरळ विजापूर वेशीला गेल्या, उस्तादांना बोलावलं आणि गॅरेजात चार माणसं असताना सांगितलं, "तुमचं काम बरोबर होतं. चूक माझी होती." उस्तादांना आधी समजेना. समजलं तेव्हा ते दाढीवरून हात फिरवत एवढंच म्हणाले, "मेरेकू एक बार साथ में बैठाना था, बाई." बाई म्हणाल्या, "हो. बसवायला पाहिजे होतं." मग बॅटरीवाल्याचं दुकान. त्याच्यापुढेही तेच, शब्दही तेच. तो बिचारा बाकावरून उठून उभा राहिला.

मग आम्ही शाळेत आलो. मामा आवारातल्या झाडांना पाणी घालत होते.

"मामा, बॅटरी तुमच्यामुळे उतरत नव्हती," बाई म्हणाल्या. "माझ्यामुळे उतरत होती."

मामांनी बादली खाली ठेवली. "पोरगी पोचली का पेपरला?"

"पोचली."

"मग झालं की."

"झालं नाही. तुम्ही मला सांगितलं होतं, बटणाला हात लावत नाही म्हणून."

"व्हय. सांगितलं हुतं," मामा म्हणाले. "तवा तुमी आयकलं न्हाई."

"नाही ऐकलं." बाईंनी मान खाली घातली नाही. "आणि सगळ्या मुलींसमोर बोलले. म्हणून उद्या प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मुलींसमोर सांगणार आहे."

मामा घाबरले. "नगं, बाई. कशाला? लई लाज वाटंल मला."

"तुम्हांला कशाची लाज? मला वाटेल ती वाटू दे."

"नगं म्हन्तो ना!"

बाईंनी ऐकून घेतलं, पण ठरवलेलं त्या बदलणार नव्हत्या, हे मला दिसत होतं. मामांनाही दिसलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरावी सोडून बाकीच्या सगळ्या मुली मैदानात रांगा करून उभ्या होत्या. प्रार्थना झाली. बाई पायऱ्यांवर पुढे आल्या. साडी तीच, रफू केलेली. मामा व्हरांड्यात घंटेपाशी उभे होते.

"मुलींनो," बाई म्हणाल्या, "एकदा मधल्या सुट्टीत मी आपल्या मामांना तुमच्यासमोर एक गोष्ट बोलले होते. ती खोटी होती. त्या दिवशी मी..."

ठण्ण, ठण्ण, ठण्ण. मामांनी घंटा बडवायला सुरुवात केली. वर्ग सुरू व्हायला अजून पुष्कळ वेळ होता. पण घंटा झाली म्हटल्यावर मुली थोड्याच थांबतात? रांगा मोडल्या, धूळ उडाली, एकमेकींना ढकलत सगळ्या वर्गांत पळाल्या. आम्ही शिक्षिका कडेला उभ्या होतो, बाई आता मामांना काय बोलतात ते ऐकायला.

बाई पायरीवरून हलल्या नाहीत. घंटेचा आवाज विरेपर्यंत थांबल्या. मैदान रिकामं झालं होतं. मग त्या मामांकडे वळल्या आणि अर्धवट राहिलेलं वाक्य जिथं तुटलं होतं तिथून, तेवढ्याच मोठ्या आवाजात, पुढे बोलायला लागल्या. "त्या दिवशी मी तुमचं ऐकायला पाहिजे होतं. ऐकलं नाही. तुम्ही खरं बोलत होतात आणि मी तुमचा सगळ्यांदेखत अपमान केला. मला क्षमा करा."

मामांनी घंटेचा टोला खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढून दोन्ही हातांत धरली आणि बाईंचं बोलणं संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले.